बिलात आलेला मुनवा

सावद्यात माझं मोटर बांधायचं दुकान.
शेत नाही, बैल नाही, बांधावरून तंटा नाही.
केळीच्या बागा मी ओळखतो
त्या जळक्या वायंडिंगच्या वासावरून:
कुणाची बोअर आटली, कुणाकडे लाइट रात्री दोनला येते,
कुणी गाळात पंप सोडला आणि कबूल करत नाही.

द्वारकाबाई फिरके साडेसातची मोटर घेऊन गेल्या,
सातशे कमी पडले.
दुसऱ्या दिवशी गोणपाटातून एक मातकट गड्डा काढून
काउंटरवर ठेवला, माझ्या टेस्टरशेजारी.
"हे ठेव. आज सातशेचं नाही.
पन मोजत बसशीन त पुढे जाईन."

मी विचारलं, बी नाही का मिळत?
त्यांनी हसू पदरात धरलं.
"केळीले बी अस्तं का रे भो?
माय आन् पोर. तिसरं खातंच नाही तिच्या वहीत."

मग उभ्या उभ्याच सांगितलं:
"बागेत दोन तऱ्हेची पिलं दिसतीन.
एक रुंद पानाचं, गुटगुटीत, पाहताच आवडीन,
ते घेऊ नको. वर मिरवते, खाली कंद नाही.
दुसरं हडकुळं, तलवारीवानी पान, मायले घट्ट चिकटेल.
ते मी आनलं.
मुळ्या तासजो. दोन दिवस सावलीत ठेवजो.
दीड फूट खड्डा, कुजेल शेणखत,
आन् पाय देऊन दाबजो, पोकळी राहिली त सडते.
डबकं करू नको,
मोटरवाला आहे म्हनून."

दुकानामागे दहा बाय बाराची जागा,
भंगार तांब्याची पेटी सरकवून तिथे लावला.
आणि रोज सकाळी
माती उकरून पाहायचो, फुटला का.
त्यांना कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या,
"वार्निश वाळल्याबिगर
तू मोटर चालू करतो का?"

तेविसाव्या दिवशी सुरळी वर आली,
गुंडाळलेल्या पावतीसारखी.

पावसाळा संपेतो बुडाशी पाच पिलं.
"निसवेपर्यंत सगळी कापजो, मंग एक ठेवजो."
मी दोन कापली. तिघांवर विळा चालेना.
घड आला चार फण्यांचा,
केळी मिरचीहून जराशी जाड.
द्वारकाबाईंनी हात लावून पाहिला.
"एक ताट, चार जेवनारे," म्हणाल्या,
आणि दोन मुद्दाम खाल्ल्या.

पुढच्या खेपेला कापली.
चीक उडाला तो पांढऱ्या शर्टावर, अजून आहे,
बायकोने सोडा, लिंबू, शिव्या, सगळं करून पाहिलं.
नऊ फण्या.
घड उतरवल्यावर खोड पाडायला निघालो तर
हात धरला त्यांनी:
"अर्धं उभं ठेव. आतलं पानी
पोरीलेच जाते."
मी तोवर समजत होतो, रिकामं म्हणजे रिकामं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती.
केळ चालते.
दर पोर मायच्या पूर्वेला, वीतभर, कधी हातभर.
सहाव्या पिढीला ती कुंपणभिंतीखालून गेली
आणि पलीकडे हमीदा तडवींच्या मोरीपाशी,
सांडपाण्यावर, तलवार काढून उभी राहिली.

"भाऊ," हमीदाभाभी भिंतीवरून म्हणाल्या,
"तुमची लेक आमच्याकडे नांदायला आली.
परत नेता का?"
मी म्हणालो, नांदू द्या.
घड निसवला तो भिंतीवरून माझ्या बाजूला वाकलेला.
टेकू त्यांच्या हुसेनने दिला,
माझ्याच भंगारातला दीड इंची पाइप.
फण्या कशा वाटायच्या यावर
दोन्ही घरं चार दिवस हसत होती,
आणि एक दिवस, खरं सांगायचं तर, थोडी कुरबुरही झाली.

हुसेनला आता मागच्या गल्लीत लावायचंय.
काल विचारत होता, बी कुठे मिळतं.

वहीत अजून आहे:
फिरके द्वा., साडेसात, बाकी सातशे.
दर दिवाळीला पेन तिथपर्यंत नेतो.